सिस्टरचा टीपीआर कोण घेणार? नवजात कक्षाच्या नव्या इन्चार्जसाठी

इन्चार्जची ऑर्डर हातात पडते त्या दिवशी चाव्यांचा जुडगा मिळतो, स्टॉक रजिस्टर मिळतं, बंद पडलेल्या इन्फ्युजन पंपांची यादी मिळते. कोण गेल्या आठवड्यात लागोपाठ दोन डेथ बघून घरी गेली, कोणाला नाइटला एकटीने बसायची धास्ती वाटायला लागलीये, कोणती मावशी लिननच्या खोलीत जाऊन रडून येते, याचं रजिस्टर कुठेच नसतं. बाळाचं तापमान, नाडी, श्वास, म्हणजे टीपीआर, आपण ठरल्या वेळी लिहितो. बाळ बघणारीचा टीपीआर घ्यायचं काम आता तुमच्या गळ्यात पडलंय, एवढं धरून चला.

माझी बहुतेक नोकरी खान्देशातल्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, गेली. तिथे जे चुकत-माकत शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. आधीच सांगते, 'स्ट्रेस मॅनेजमेंट'च्या व्याख्यानांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. एकदा आमच्याकडे असं व्याख्यान ठेवलं होतं, सकाळी दहाला. नाइट सुटलेल्या चौघींना सक्तीने थांबवलं. वक्ते दीर्घ श्वास घ्या म्हणाले, आणि त्यातल्या दोघी तिथेच घोरायला लागल्या. मन बिघडतं ते रोस्टरमध्ये, ओव्हर देताना (पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला बाळांची माहिती सांगताना), डेथनंतरच्या दहा मिनिटांत, मीटिंगमधल्या एका वाक्यात. मग दुरुस्तीही तिथेच करावी लागते.

१. पहिले पंधरा दिवस फक्त बघा

आल्या आल्या काही बदलू नका. मॉर्निंग, इव्हिनिंग आणि एक पूर्ण नाइट, तिन्ही पाळ्यांत बसा. तुम्ही आलात म्हणून पहिला तासभर सगळे सावध असतील, मग विसरतील. खरं बघायचं ते त्यानंतर.

दमलेली सिस्टर सुटी घेऊन आली की ताजी दिसते. आतून रिकामी झालेली आठ दिवस माहेरी राहून आली तरी तशीच येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामातून येणारी अवस्था म्हटलं आणि तिची तीन अंगं सांगितली: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. वॉर्डात ही अंगं अशी नाव सांगून येत नाहीत. आपल्याकडे बाळाला नाव नसतं, 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. मन जाग्यावर असलेली सिस्टर ओव्हर देताना म्हणते, "बेबी ऑफ सुनीताला आज पाच एमएल पचलं." तीच महिनाभराने "चार नंबरला पाच एमएल" म्हणायला लागली, डायपर बदलताना बाळाशी बोलायची ती बोलेनाशी झाली, की मी तिच्याकडे जास्त लक्ष देते.

उलटी खूणही असते. एखादी दर दोन मिनिटांनी सॅच्युरेशनचा (रक्तातला ऑक्सिजन मोजायचा) प्रोब काढून परत लावते, ड्यूटी संपल्यावर घरून फोन करून "सातव्या बेडला कॅफिन दिलं ना?" विचारते (कॅफिन म्हणजे बाळाचा श्वास थांबू नये म्हणून द्यायचं औषध). एकीने मला सांगितलं होतं, घरी कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स होतं, मॉनिटरच वाजतोय असं वाटतं. हे सांगताना ती हसत होती. मीही हसून सोडून दिलं, ते चुकलं.

आणि कधीच नाही न म्हणणारी सिस्टर. कोणाचीही ड्यूटी बदलून घेते, डबलही करते. तिचं कौतुक करायच्या आधी ती घरी जायला का टाळतेय, हे हळूच विचारा.

या पंधरा दिवसांत मावशी, मामा, डेटा एन्ट्रीचा मुलगा, १०२ ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर यांनाही आपल्याच माणसांत धरा. गेलेलं बाळ कापडात गुंडाळून नेते मावशी. त्याची डेथ कॉम्प्युटरवर भरतो तो मुलगा, अख्ख्या महिन्याच्या सगळ्या. त्यांना कोणी कधी काही विचारत नाही.

२. रोस्टर पेन्सिलने लावा

माझ्या मते मनाचं निम्मं औषध रोस्टरमध्ये असतं. केंद्राच्या नवजात सेवेच्या मार्गदर्शक सूचनांत एका पाळीत तीन ते चार बाळांमागे एक सिस्टर धरली आहे. प्रत्यक्षात काय असतं ते तुम्ही-आम्ही जाणतो. पण आकडा आपल्या हातात नसला तरी वाटणी असते.

सलग नाइट तीनपेक्षा जास्त लावू नका. "सहा नाइट करते, मग सलग सुटी द्या" असं काही जणी स्वतःहून मागतात, गाव लांब असतं म्हणून. अशा वेळी माझं मन द्विधा व्हायचं. चौथ्या नाइटला पहाटे हात कसा चालतो ते मी बघितलंय, म्हणून शेवटी नाहीच म्हणायचे. नाइट संपून त्याच दिवशी इव्हिनिंग कोणालाही नको.

नाइटला प्रत्येकीला वीस-तीस मिनिटं पडायला मिळालीच पाहिजेत, आळीपाळीने, आणि हे चोरून नको. "झोपलेली सापडली" हा शब्दप्रयोग तुमच्या वॉर्डातून काढून टाका. कोणाची वेळ कोणती ते रोस्टरवरच लिहा. उठल्यावर पाच मिनिटं तोंड धुऊन, चालून मगच औषध भरायला हात लावायचा, कारण गाढ झोपेतून उठल्या उठल्या डोकं चालत नाही. चहा-कॉफी तीनच्या आत आटपायची, नाहीतर सकाळी घरी जाऊन डोळा लागत नाही.

घरी जायचंही बघा. अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा इथून सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने येणाऱ्या सिस्टर असतात. ओव्हर दहा मिनिटं लांबली की गाडी चुकते, मग स्टेशनवर दोन तास. त्यांची ओव्हर आधी घ्या. नाइट करून हायवेने स्कूटीवर एकटीने जाणारीला सांगा, मध्ये डोळा मिटायला लागला तर गाडी बाजूला लावायची, घरी पोचल्यावर मेसेज टाकायचा.

सणांची यादी जानेवारीतच काढा. बाहेरून आलेल्या इन्चार्जला दिवाळी कळते, आखाजी कळत नाही. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी जाते, ती सुटी नाकारली तर वर्षभर सल राहतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, अख्खं भाऊबंद गावी गोळा होतं. पावरा-भिल्ल घरांतल्या सिस्टर आणि मावशींना होळी हवी, त्याआधीचा भोंगऱ्या बाजार हवा. दिवाळी त्यांना तेवढी लागत नाही. ईद, नाताळ, आंबेडकर जयंती, सगळं एका कागदावर मांडा आणि अदलाबदल त्यांनाच करू द्या. मी हे सुरू केलं तेव्हा पहिल्यांदा रोस्टरवरून भांडण झालं नाही.

उन्हाळ्याचं वेगळं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ गाठतो आणि आत बाळांसाठी खोली २६ ते २८ अंशांवर ठेवायची, त्यात वॉर्मरची (बाळाला ऊब देणाऱ्या उघड्या पाळण्याची) धग, अंगात गाऊन. बऱ्याच सिस्टर पाणीच पीत नाहीत, कारण टॉयलेट दुसऱ्या टोकाला आणि बाळं सोडून जायचं कसं? मग डोकं चढतं, चिडचिड होते, लघवीची जळजळ सुरू होते. याला समुपदेशक नको. ताकाचा तांब्या आणि दर दोन तासांनी "जा, मी बघते" म्हणणारी एक जण पुरते.

आणखी एक नाजूक गोष्ट. तुमच्या स्टाफमध्ये कोणी गरोदर असेल, कोणाचं नुकतंच पोट पडलं असेल, कोणी पाच वर्षं मुलासाठी उपचार घेत असेल. कोणी म्हणते मला इथून हलवा, कोणी म्हणते इथेच राहू द्या. आपण तिच्या वतीने ठरवून टाकायचं नाही. एकटीला गाठून विचारा आणि ती सांगेल तसं लावा. वॉर्डात कारण सांगायची गरज नाही.

३. ओव्हरला एक ओळ वाढवा

बाळांची ओव्हर झाली की जाणाऱ्या प्रत्येकीने एक वाक्य बोलायचं: आजच्या ड्यूटीतलं काय घरी घेऊन चालले? "काही नाही" हेही चालतं. सुरुवातीला सगळ्या काही नाहीच म्हणतील. महिनाभराने एखादी म्हणेल, "त्या बाळाचे वडील माझ्या पाया पडले, ते डोळ्यासमोरून जात नाही." उपदेश करू नका, "हं" म्हणा. तीन मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, गाडी चुकते.

४. बाळ गेल्यावर

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे.

पहाटे पावणेचारची वेळ. सातपुड्यातून आलेलं बाळ, ९४० ग्रॅम. चांदसैली घाटात पावसाने रस्ता अडला होता, पोचेपर्यंत बाळ थंडगार पडलेलं. आठ महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली सिस्टर त्याच्याजवळ होती. तिने आणि डॉक्टरांनी जेवढं करायचं तेवढं केलं. डॉक्टरांनी वेळ सांगितली, तिने ती फाइलवर लिहिली, तेवढ्यात लेबर रूममधून फोन आला. मी तिला म्हणाले, "चल, वॉर्मर पुसून घे, दुसरं येतंय." तिने पुसला, चादर बदलली. चार वाजून दहा मिनिटांनी त्याच वॉर्मरवर नवं बाळ होतं आणि तिने त्याचं सगळं अगदी बरोबर केलं. मला वाटलं, पोरगी तयार झाली.

महिन्याभराने रोस्टरच्या मागे बेड वाटपाचा कागद चाळताना दिसलं, त्या रात्रीनंतर तिने चार नंबरचा वॉर्मर एकदाही घेतला नव्हता. दर ड्यूटीला कोणाशी तरी गुपचूप बदलून घेत होती. बाकीच्या सगळ्यांना माहीत होतं. वाटप करणारी मी, मलाच दिसलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही असं करतो.

ज्या सिस्टरच्या हातात बाळ गेलं, पुढची ॲडमिशन तिने घ्यायची नाही. नाइटला दोघीच असतात, मग कसं जमणार? त्यासाठी लेबर रूमच्या आणि बालरोग वॉर्डाच्या इन्चार्जशी आधीच बोलून ठेवा: असा फोन आला की पंधरा मिनिटं एक सिस्टर इकडे यायची, तुमच्याकडे काही झालं तर आमची तिकडे. रात्री तीनला हे ठरवता येत नाही, दिवसा चहा पिताना ठरतं.

वेळ घोषित झाली की हातातलं खाली ठेवून सगळ्यांनी मिनिटभर उभं राहायचं. व्हर्जिनियातल्या एका नर्सने ही रीत सुरू केली. प्रार्थना नाही, भाषण नाही. आमच्याकडे डॉक्टर फक्त म्हणतात, "बेबी ऑफ अमुक. आपण जेवढं जमलं तेवढं केलं." शेजारच्या बाळाचा अलार्म वाजला तर मिनिट तिथेच मोडायचं, त्यात काही वाईट नाही.

मग त्या सिस्टरला बाहेर पाठवा. पाणी, टॉयलेट, चहा. वॉर्मर दुसरीने पुसावा.

आईला सांगायला ज्युनिअरला एकटीला कधीही पाठवू नका. सांगायचं डॉक्टरांनी, सोबत एक मोठी सिस्टर, आणि भाषा कळणारं कोणी. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आईला मराठी पुरत नाही, पावरी किंवा भिलोरी बोलणारी मावशी लागते. पण मग त्या मावशीला दर वेळी वाईट बातमीची दुभाषी करतोय, हेही ध्यानात ठेवा. दोघी-तिघींत वाटून द्या आणि नंतर तिलाही चहाला बसवा. बाळ हातात घ्यायचं आहे का, हे आईला विचारा. प्रत्येक घराची रीत वेगळी, आपण अंदाज बांधायचा नाही.

त्या सिस्टरला काय बोलायचं? "देवाची इच्छा" नको. "सवय होईल" तर मुळीच नको. सवय झालेली सिस्टर तुम्हाला हवीये का? "एवढं मनाला लावून घेऊ नकोस" म्हणजे गप्प बस असाच अर्थ होतो. तुम्ही तिथे असाल तर जे बघितलं ते सांगा: "तू शेवटपर्यंत त्याचं अंग गरम ठेवलंस, मी बघत होते." खरं असेल तेवढंच. खोटं कौतुक तिला लगेच कळतं.

तिला बोलतं करायची घाई नको. घटना घडल्या घडल्या सगळ्यांना गोल बसवून एकदाच मन मोकळं करायला लावण्याने पुढचा त्रास टळत नाही, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. काहींना उलट त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शन काढलं, त्यातले तीन शब्द सोपे आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. बोलायचं असेल तर ऐकायला बसा. नसेल तर शेजारी बसून गॉझचे तुकडे कापा.

दुसऱ्या दिवशी फोन करा. कामाचा विषय काढायचा नाही. झोप लागली का, जेवलीस का, एवढंच. आपल्याकडे "जेवनी का व?" हा प्रश्न पुरतो, त्यात सगळं येतं. सात-आठ दिवसांनी परत एकदा विचारा. तोवर बाकीच्या विसरलेल्या असतात आणि तिला आठवत असतं.

५. चूक झाली तर

नवजात बाळांत दशांश चिन्हाची चूक जिवावर बेतू शकते. ०.३ एमएलच्या जागी ३ भरले गेले की डोस दहापट. अशी चूक कुठल्याही वॉर्डात, कुठल्याही हुशार सिस्टरच्या हातून होऊ शकते, आणि तुमच्या काळात एकदा तरी होईल असं धरूनच चाला.

क्रम ठरलेला ठेवा. पहिलं बाळ. मग डॉक्टरांना लगेच, जसं आहे तसं. फाइलवर नोंद, खाडाखोड नाही. बाळाच्या घरच्यांना खरं काय ते डॉक्टरांनी सांगायचं. आणि त्याच ड्यूटीत कोणीतरी त्या सिस्टरजवळ बसायचं. डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये चुकीनंतर खचून जाणाऱ्या डॉक्टर-नर्सना 'दुसरा बळी' म्हटलं. हा शब्द मला पूर्ण पटत नाही, ज्या घरचं लेकरू भोगतं त्यांच्यासमोर आपण स्वतःला बळी म्हणावं का, असं वाटतं. पण त्यांनी ज्यावर बोट ठेवलं ते खरं आहे. अशी सिस्टर आठवडाभर रात्री तीच सिरिंज परत परत भरत असते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव, फोटो, "सर्वांनी दक्षता घ्यावी" असलं काही टाकू नका. बदल करायचा तो पद्धतीत करा: दशांशाच्या आधी शून्य लिहायचंच, नंतरचं शून्य लिहायचं नाही, डोस दोघींनी वेगवेगळा मोजायचा. आणि आठवड्याभरात तिला परत औषध भरायला बसवा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. कायमचं बाजूला काढलंत तर ती मनाने नोकरी सोडून देते, पगारापुरती येत राहते.

पुढची सिस्टर आपली चूक सांगायला येईल की लपवेल, हे तुम्ही या एका सिस्टरशी कशा वागलात त्यावर ठरतं. कंत्राटी सिस्टरच्या बाबतीत तर जास्तच. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेली मुलगी आधीच घाबरलेली असते. रिन्यूअलच्या भीतीने ती चूकही सांगत नाही आणि झोप लागत नाही हेही सांगत नाही.

६. डेथ ऑडिटची मीटिंग

बालमृत्यूचं अन्वेषण व्हायलाच हवं. त्यातून रेफरल का उशिरा झालं, बाळ थंड का आलं, हे कळतं. पण एका मीटिंगमध्ये एका साहेबांनी आमच्या सिस्टरला सगळ्यांसमोर विचारलं, "रात्री काय करत होता तुम्ही?" ती उभ्या उभ्या थरथरत होती. मी खाली मान घालून बसले. उठून बोलायला हवं होतं.

आता मी आदल्या दिवशी सिस्टरला फाइल घेऊन बसवते. घटनाक्रम वेळेनुसार एका कागदावर लिहून देते: किती वाजता आलं, तापमान किती, काय दिलं. बोलताना तिने तोच वाचायचा. मीटिंगमध्ये तिच्या शेजारची खुर्ची माझी. प्रश्न तिच्या अंगावर आला की "सर, त्या वेळी चौदा बाळांमागे दोन सिस्टर होत्या, याचीही नोंद घ्यावी" हे मी म्हणते. आवाज न चढवता, आकड्यासकट. आकडा असला की बहुतेक वेळा विषय वळतो.

७. नातेवाइकांचा राग

दारातली गर्दी, "आमचं पोर दाखवा" म्हणून आरडाओरडा. बरेचदा राग अंधारात ठेवल्याचा असतो. दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी बाळाची खबर द्यायची, एकाच माणसाने, सोप्या भाषेत. आजी अहिराणीत "काय व्हयनं व माय, आंडोर बरा शे ना?" (काय झालं गं बाई, मुलगा बरा आहे ना?) विचारत असेल तर उत्तरही तिला कळेल असं द्या. आईला आत घ्या, कांगारू केअरला बसवा. २०२२ पासून तर जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास कांगारू केअर द्यावी. बाळ छातीला लावून बसलेल्या आईशी दोन शब्द बोलले की माझी स्वतःची नाइट हलकी जायची. मात्र स्टाफ कमी म्हणून आयांना कामाला जुंपायचं, असा त्याचा अर्थ करू नका.

धक्काबुक्की किंवा शिवीगाळ झाली तर "जाऊ द्या" म्हणून मिटवू नका. महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हिंसेविरुद्धचा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. तक्रार संस्थेच्या नावाने जाऊ द्या, सिस्टरला एकटीला पोलीस स्टेशनला पाठवू नका. ती त्याच गावात राहते, त्याच बाजारात भाजी घेते.

८. जी भीती बोलली जात नाही

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर कितीतरी महिने आमच्याकडे वॉर्मरमधून जरा जळका वास आला की सिस्टरचे चेहरे पांढरे पडायचे. या भीतीवर धीराचे शब्द चालत नाहीत, सराव चालतो. दर तीन महिन्यांनी, नाइटलाही: आग विझवायचं सिलिंडर कुठे, मेन स्विच कुठे, कोणती सिस्टर कोणती बाळं उचलणार, कोणत्या दाराने, ऑक्सिजन कोण बंद करणार. बाहुल्या घेऊन करा. पहिल्यांदा हसतात, तिसऱ्यांदा कोणी हसत नाही.

९. आपल्या हाताबाहेरचं ओळखा

दोन आठवडे सलग झोप नाही किंवा उठवतच नाही, जेवण तुटलं, कशातच रस नाही, ड्यूटीला यायच्या विचाराने उलटी होते, दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या, "मी नसते तर बरं" असं काही बोलली, की चहा-गप्पांचा भाग संपला. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस कोणी विचारलं नाही, याचंच तिला ओझं असतं. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या, विश्वासातल्या घरच्या माणसाला बोलवा. औषधांच्या कपाटाची चावी त्या दिवसांत तिच्याकडे नको, आणि हे गाजावाजा न करता.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हा नंबर बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. नोटीस बोर्डावर लावला तर तो टिपून घेताना सगळे बघतात.

आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जायला सिस्टर तयार होत नाहीत आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही. सकाळी केसपेपर काढला की दुपारी कॅन्टीनमध्ये चर्चा. नंदुरबारच्या सिस्टरला धुळ्याला, धुळ्याच्या सिस्टरला जळगावला जाऊ द्या. त्या दिवशीची सुटी सीएल (किरकोळ रजा) म्हणून टाका, कारण "घरगुती". तुमच्या तोंडून तिसऱ्या माणसाला एक शब्द गेला, तर त्यानंतर कोणीही तुमच्याकडे येणार नाही.

१०. घरी गेलेल्या बाळांची खबर आणा

आपल्याला गेलेली बाळं लक्षात राहतात, कारण जगलेली घरी जातात आणि परत दिसत नाहीत. आशाताई सुटी झालेल्या बाळांच्या घरी जातात, फॉलोअपलाही काही बाळं येतात. आलेलं बाळ ओपीडीतून थेट घरी जाऊ देऊ नका, दोन मिनिटं वॉर्डाच्या दारापर्यंत आणवा. १२०० ग्रॅमचं गेलेलं चार किलोचं होऊन आलं की त्याला घ्यायला आतून सगळ्या येतात, मावशी सगळ्यात पुढे. फोटो काढायचा तर आईला विचारून, आणि वॉर्डाबाहेर जाऊ द्यायचा नाही.

११. तुमचं स्वतःचं

इन्चार्ज झालात की वॉर्डातल्या गप्पा तुम्ही आलात की थांबतात. हे होणारच. म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलमधली एक इन्चार्ज गाठून ठेवा, जिच्याशी तुमचं प्रमोशन, बदली, स्टॉक यातलं काहीच अडलेलं नाही. माझी अशी एक शहाद्याकडची आहे. आम्ही महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी दुपारी, दोघींची भांडी आटपली की बोलतो. चार नंबरच्या वॉर्मरचं मी पहिल्यांदा तिलाच सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्याकडचा सात नंबर."

त्या पोरीने पुढे चार नंबर परत घेतला. कधी, ते मला नक्की माहीत नाही. वाटपाच्या कागदावर एक दिवस तिचं नाव दिसलं, दुसऱ्या कोणाच्या अक्षरात, पेन्सिलने.